उसना थकवा

पुलाच्या तिसऱ्या खांबाबद्दल ऋजुता बोलत होती आणि बोलता बोलता तिचा डावा हात जड झाला. आधी मनगट, मग कोपर, मग खांदा. न पिळलेली चादर कुणी हातावर आणून टाकावी तसा. तिने हात टेबलाखाली घेतला, वाक्य पूर्ण केलं आणि बैठकीतून उठून बाहेर आली.

"काय करतेयस?" तिने फोनवर विचारलं.

"कपडे वाळत घालतेय," आई म्हणाली.

"राहू देत तसेच. पड जरा."

"अगं, चार तर कपडे आहेत."

"मला कळतंय ना, आई. पड."

बेंगळुरूच्या त्या काचेच्या इमारतीत उभी राहून ऋजुता मिरजेतले आवाज ऐकत राहिली. बादली खाली ठेवल्याचा, मग खाटेची कुरकुर. खालून, शब्बीर सतारमेकरच्या कारखान्यातून, तंबोऱ्याची एकच तार पुन्हा पुन्हा छेडल्याचा आवाज येत होता. हळूहळू तिचा हात हलका झाला. पूर्ण हलका तो कधीच होत नसे. तळाला थोडा जडपणा राहायचाच, आणि खरं सांगायचं तर तो राहावा असं तिला वाटायचं.

तिची आई, हेमलता कारदगे, मिरजेतल्या एका शाळेत आयुष्यभर खेळाची शिक्षिका होती. कवायत, लेझीम, खोखो, आंतरशालेय धावण्याच्या शर्यती. गावातली निम्मी मंडळी कारदगे बाईंच्या शिट्टीवर पळून मोठी झाली होती. "दमलो" हा शब्द बाईंच्या मैदानावर चालत नसे. दमलेल्या पोराला त्या एवढंच सांगायच्या की आता चालत ये, पण ये. ऋजुतालाही लहानपणी यातून सूट नव्हती. तिने अभियांत्रिकी निवडली त्यामागे गणिताची आवड होती तितकीच मैदानापासून लांब जाण्याची इच्छाही होती, असं आई चारचौघांत म्हणायची.

मग आईला कॅन्सर झाला. शस्त्रक्रिया, केमो, किरणोपचार, सगळं पार पडलं. शेवटच्या तपासणीत शरीरात कुठेही गाठ दिसली नाही. पेढे वाटले. आणि त्यानंतरच आई खरी आजारी दिसायला लागली. चहाचा कप विसळून ती ओट्याला टेकून उभी राहायची. आठ तास झोपून उठली तरी न झोपल्यासारखी.

पुनर्वसन केंद्रातल्या डॉ. रुबिना मुजावर यांनी हे समजावून सांगितलं होतं. उपचार संपतात, पण त्यांनी पेटवलेला दाह शरीरात मंद धुमसत राहतो. त्या दाहाचे रेणू रक्तातून मेंदूपर्यंत जातात आणि मेंदूला एकच निरोप देत राहतात: थांब. पेशींमधली ऊर्जा तयार करणारी केंद्रंही त्या काळात अधू झालेली असतात. म्हणून हा थकवा झोपेने जात नाही. माणूस अंथरुणाला खिळतो, स्नायू आणखी झिजतात, मग कालपर्यंत जमणारं काम आज डोंगराएवढं होतं, आणि माणूस आणखी पडून राहतो. हे चक्र तोडायला जे औषध उत्तम लागू पडतं ते फारच साधं आहे: रोज थोडी, हलकी हालचाल. खुर्चीतून उठणं-बसणं. भिंतीला हात टेकून रेटणं. गल्लीच्या टोकापर्यंत चालणं, जिना चढणं.

"पण किती, हा प्रश्न असतो," डॉक्टर म्हणाल्या होत्या. "जास्त झालं तर माणूस तीन दिवस उठत नाही. कमी झालं तर उपयोग नाही. माझा एकच नियम आहे. थोडं उरलेलं असताना थांबायचं."

किती उरलंय हे पेशंट नीट सांगत नाहीत, ही जुनी अडचण. कुणी कण्हतं, कुणी लपवतं. त्यासाठी आता सहभार नावाचं साधन आलं होतं. पेशंटच्या दंडावर एक पातळ पट्टी चिकटवायची. ती घामातली आणि स्नायूंतली रसायनं वाचते, हृदयाची लय आणि स्नायूंचा सूक्ष्म कंप टिपते. काळजी घेणाऱ्याच्या मनगटात एक कडं. ते हातातल्या नसांना असे सौम्य विद्युतस्पंद देतं की त्याच्या मेंदूलाही आपला हात उचलणं तितकंच जड वाटू लागतं. थकवा एका शरीरातून दुसऱ्यात जात नाही. त्याचा अंदाज मात्र जातो, आणि त्याला अंतराची आडकाठी नसते.

साधन जुळवताना दोघींना तोच व्यायाम बरोबर करावा लागला, म्हणजे एकीचं माप दुसरीच्या मापाशी लावता येतं. खुर्चीतून उठून-बसून ऋजुताला धाप लागली. आई तिच्याकडे बघत होती.

"कॅन्सर मला झाला होता ना?" तिने डॉक्टरांना विचारलं.

कड्याबद्दल मात्र तिला शंका होती. माझा थकवा हिच्या हातात दिलात तर माझ्या हातात काय राहिलं, असं ती परतताना रिक्षात म्हणाली. ऋजुताने ते हसण्यावारी नेलं.

ठरलं होतं ते असं: आई मिरजेत स्वतःच्याच घरी राहील. रोज सकाळी ऋजुता फोनवरून व्यायाम घेईल, मनगटावर आईचा अंदाज घेत. जानेवारीअखेर डॉ. मुजावर तपासतील. कारखान्याच्या वर पहिल्या मजल्यावर आईचं घर, बाहेरून उभा दगडी जिना. तोवर तो जिना कुणाचा हात न धरता चढता आला नाही, तर तिथं एकटीने राहणं धोक्याचं, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. मग बेंगळुरू, ऋजुताचा लिफ्टवाला फ्लॅट.

"अकराव्या मजल्यावर मी बघू काय?" आई म्हणाली होती. "ढग?"

त्या घराच्या गॅलरीतून शाळेचं मैदान दिसत असे. त्याबद्दल ती काही बोलली नाही, आणि ऋजुतानेही विषय काढला नाही.

पहिले काही आठवडे ऋजुताने मन लावून प्रयत्न केला. सकाळी फोन लावायचा, आईने तो खिडकीत ठेवायचा. कॅमेऱ्याला आईची सक्त मनाई होती. मी काय तमाशा आहे का, हे त्यावरचं उत्तर. मग उठणं-बसणं सुरू. आणि आई दोनदा उठून बसते न बसते तोच ऋजुताच्या हातात ते ओलं ओझं यायचं. हे आई सोसतेय, ही जाणीव डोक्यात नुसती असती तर तिने कदाचित रेटलं असतं. पण ती जाणीव हाडात येऊन बसलेली. चहाचा कप उचलवत नव्हता. "आज एवढंच," ती म्हणायची. "उद्या बघू."

पूल वाहतुकीला खुला करण्याआधी त्यावर भरलेले ट्रक उभे करतात, हे तिचं रोजचं काम होतं. भार टाकल्याशिवाय पूल पक्का आहे हे कळत नाही. पण तिथे पुलाला काय वाटतंय हे तिच्या हाताला कळत नसे.

डिसेंबरच्या सुरुवातीला डॉ. मुजावरांचा फोन आला. प्रगती नव्हती. उलट पायांची ताकद आणखी कमी झाली होती. तुम्ही त्यांना थोडं पुढे न्यायला हवं, असं त्या म्हणाल्या, आणि मग जरा थांबून, कडं दिवसभर घालू नका, असंही म्हणाल्या. ऋजुताने हो म्हटलं. कडं तिने काढलं नाही.

तिचं लग्न मोडून बरीच वर्षं झाली होती. फ्लॅटमध्ये संध्याकाळी दिवे आपोआप लागायचे, फ्रिज स्वतःच दूध मागवायचा, आणि दिवसभरात तिला हात लागेल असं कुणी नव्हतं. कड्याचा जडपणा अंगावर आला की कुणीतरी दंडाशी टेकून बसल्यासारखं वाटायचं. जेवताना ती डावा हात मुद्दाम टेबलावर ठेवायची.

त्यानंतर आठवडाभरातच बदल जाणवला. सकाळी व्यायामाच्या वेळी हात एकदम जड होईनासा झाला. सुरुवातीला हलका, मग हळूहळू खांद्याकडे चढत जाणारा, आणि थांबलं की पटकन उतरणारा थकवा. चांगलं काम करून दमल्यावर येतो तसा. ऋजुताला पहिल्यांदा विश्वास बसेना. मग तिचा आवाज बदलला.

"अजून दोनदा," ती म्हणू लागली.

"दोनदा?" फोनच्या त्या बाजूने आईच्या धापेचा आवाज यायचा. धाप तर लागणारच.

"तुला जमतंय, मला कळतंय. उठ."

आई उठायची. मग भिंत. मग गल्ली. मग जिन्याच्या पायऱ्या, रोज एखादी वाढवत. संध्याकाळी मात्र हात पूर्वीसारखाच जड व्हायचा, कधी पूर्वीपेक्षाही जास्त. संध्याकाळी थकवा सगळ्यांनाच येतो, असं आई म्हणाली. ऋजुताला पटलं. तिच्या कामावरच्या मैत्रिणीने सहज म्हटलं, हल्ली बरी दिसतेस, तेव्हा ती म्हणाली की आई बरी होतेय.

संक्रांतीच्या आठवड्यात ती न कळवता मिरजेला गेली. सकाळची गाडी, स्टेशनवरून रिक्षा. गल्लीच्या तोंडाशी उतरली तेव्हा व्यायामाची वेळ झालीच होती, आणि मनगटातलं कडं तिला सांगत होतं की आई मजेत आहे, खांदा थोडा भरून आलाय इतकंच.

जिन्याच्या मध्यावर आई उभी होती. एक हात कठड्यावर नव्हता, कठड्यापासून बोटभर अंतरावर धरलेला होता, पडले तर असू दे म्हणून. ओठ पांढरे. मानेवरून घामाचा ओघळ. पाय थरथरत होता, आणि तो थरथरता पाय तिने पुढच्या पायरीवर ठेवला. मग दुसरा. मग डोळे मिटून उभी राहिली.

ऋजुताने आपल्या हाताकडे पाहिलं. हात हलका होता.

कारखान्याच्या दारातून शब्बीर सतारमेकर बाहेर डोकावला. पन्नाशीचा माणूस, हातात कानस, अंगावर भोपळ्याच्या भुशाची धूळ. तंबोऱ्याची जवारी घासत बसला होता. तारेखालची ती हाडाची पट्टी केसाएवढी उतरवायला सकाळ जाते. ऋजुताला बघून तो चटकन सरळ झाला आणि उजव्या हाताची बाही खाली ओढू लागला. उशीर झाला होता. बाहीखाली दंडावर पातळ पट्टी चिकटवलेली दिसली.

"ताई, बाईंनी सांगितलं," तो म्हणाला. "मी नको म्हटलं होतं. पण बाई शाळेत होत्या मला. बाई म्हणल्या, हात पुढं कर. मी केला."

म्हणजे आई रोज आंघोळीनंतर पट्टी खाली पाठवायची आणि संध्याकाळी कारखाना बंद करताना शब्बीर ती परत द्यायचा. साधन बनवणाऱ्यांनी पट्टी सैल पडली तर, भिजली तर, पेशंटने उपटली तर, सगळ्याचा विचार केला होता. पेशंट ती आपल्या जुन्या विद्यार्थ्याच्या दंडावर लावेल हे त्यांना सुचलं नव्हतं. पट्टीला जिवंत माणूस लागतो. कोण, हे ती विचारत नाही. चार-पाच आठवडे ऋजुता दुपारी जेवताना डावा हात टेबलावर ठेवून एका सतारमेकराच्या थकव्याशी मनातल्या मनात बोलत आली होती.

ती जिना चढून वर गेली तेव्हा आई खाटेवर बसली होती. पाण्याचा तांब्या हातात, पण अजून उचलला नव्हता.

"बघितलंस?" आई म्हणाली. "वरपर्यंत आले."

ऋजुताने बॅग दारातच ठेवली. मग जे बोलली त्यात राग जास्त होता. मी तिकडून अजून दोनदा, अजून दोनदा म्हणत होते, तुला काही झालं असतं तर, मला फसवलंस, तू बरी होतेयस असं मी समजत होते. आईने ऐकून घेतलं. पोरांचे आईबाप तक्रार घेऊन यायचे तेव्हा ती असंच ऐकून घ्यायची.

"तू मला निजवत होतीस, ऋजू," ती शेवटी म्हणाली. "माझा थकवा तुला कळायचा आणि तुला दया यायची. मैदानावरच्या एकेका पोराची धाप मला आतून कळली असती ना, तर एकही पोर शेवटच्या फेरीत पळलं नसतं. मीच पळू दिलं नसतं."

"पण तुला किती त्रास होतोय हे मला कळायला नको?"

"नको. मला होतोय तेवढा पुरे आहे. तू फक्त मोज."

ऋजुताने कड्याची कळ दाबली. ते सैल झालं. काढताना तिच्या लक्षात आलं की तिथली कातडी फिकी, ओलसर झाली आहे, बांगडीखाली होते तशी. आईने ते पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं.

"तिकडं तुला सुनं सुनं वाटेल," आई म्हणाली.

"वाटेल."

"मग फोन कर. बोलू की."

जानेवारीअखेर डॉ. मुजावर स्वतः घरी आल्या, कारण जिना केंद्रात नव्हता. ऋजुता खाली उभी राहून मोजत होती, मोठ्याने, शाळेतल्यासारखं. शब्बीर आणि त्याचे कारागीर हातातली कामं टाकून दारात उभे होते. आई चढली. मध्ये एकदा थांबली आणि ऋजुताच्या तोंडाशी "पुरे" हा शब्द आला. तिने त्याऐवजी पुढचा आकडा म्हटला. वर पोचल्यावर आईने मागे वळून पाहिलं नाही. ती सरळ गॅलरीत गेली आणि मैदानाकडे तोंड करून उभी राहिली.

डॉक्टरांनी ऋजुताला विचारलं, किती उरलं असेल हो त्यांच्यात? ऋजुता म्हणाली, मला माहीत नाही.

बेंगळुरूला परतल्यावर कडं कपाटात गेलं. सकाळी फोन व्हायचा. बरी आहे, असं आई म्हणायची, आणि ते खरं की खोटं हे कळायला आता फक्त आवाज होता. आवाजावरून ओळखायला ऋजुता हळूहळू शिकली, पण फार नाही. तिचा हात दिवसभर हलका असायचा. तो हलकेपणा तिला सोसवत नसे.

आई त्या घरात आणखी तीन वर्षं राहिली. कपडे वाळत घातले, बाजारात गेली, शाळेच्या क्रीडादिनाला मांडवात खुर्ची नाकारून उभी राहिली. मग आजार परत आला. यावेळी डॉक्टरांनी कसलाही व्यायाम सांगितला नाही.

ऋजुता सुट्टी टाकून मिरजेला येऊन राहिली. खाट गॅलरीच्या दारात ओढून घेतली होती. एका दुपारी मैदानावर पोरं नव्हती, खाली शब्बीर तार लावत होता, तेव्हा आईने डोळे उघडले.

"ते कडं आहे का अजून?"

ऋजुताने ते येताना बॅगेत टाकलं होतं. का, ते तिने स्वतःला विचारलं नव्हतं.

"शब्बीरला हाक मार. पट्टी त्याच्याकडे आहे."

शब्बीर वर आला. त्याने पट्टी तारांच्या पुडीबरोबर डबीत जपून ठेवली होती. बाईंच्या दंडावर ती त्याने हलक्या हाताने दाबून बसवली. दंडात आता धरण्यासारखं काही उरलं नव्हतं. तो खाली गेला, आणि त्यानंतर तार लावल्याचा आवाज आला नाही.

ऋजुताने कडं चढवलं. पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग ते आलं. मनगट, कोपर, खांदा, आणि तिथे न थांबता पुढे, छातीपर्यंत. एवढं ओझं तिने कधी जाणलं नव्हतं. हात खाटेच्या कडेवर होता, तो तिला उचलता आला नाही, म्हणून तिने बोटं तेवढी सरकवून आईच्या बोटांवर ठेवली.

"किती आहे?" आईने विचारलं.

"खूप आहे, आई."

आईने हे थोडा वेळ मनात घोळवलं. "म्हणजे मी कामचुकार नाही."

"नाही."

"मला सारखं वाटायचं, उगाच पडून राहतेय की काय."

"नाही गं."

गॅलरीतून ऊन आत आलं होतं, खाटेच्या पायापर्यंत. आईचा श्वास लांब अंतराने येत होता.

"थोडं उरलंय का?"

ऋजुताने डोळे मिटले आणि त्या ओझ्याच्या तळाशी लक्ष दिलं, खरंच शोधलं. "थोडं आहे," ती म्हणाली.

"मग आता थांबायला हरकत नाही."

 ऋजुताने मोजलं नाही, उठ म्हटलं नाही, पड म्हटलं नाही. हात तसाच ठेवून ती आईजवळ बसून राहिली. ऊन खाटेच्या पायावरून सरकत भिंतीवर गेलं, आणि केव्हातरी तिचा हात हलका झाला.

दिवसकार्य उरकल्यावर डॉ. मुजावर भेटायला आल्या आणि जाताना कडं आणि पट्टी घेऊन गेल्या. दुसऱ्या कुणालातरी लागणार होती. घर आवरायचं होतं. सकाळी, आईच्या व्यायामाच्या वेळी, ऋजुताला घरात बसवेना. ती जिना उतरली. शब्बीर दारात बसला होता, तो उभा राहिला, जसा बाई आल्या की राहायचा. ती गल्लीच्या टोकापर्यंत गेली, तिथल्या भिंतीला हात टेकले आणि परत फिरली.

जिन्याच्या मध्यावर तिचा हात जड झाला. तिने सवयीने मनगट चाचपलं. तिथे काही नव्हतं. ती थांबली, कठड्यापासून बोटभर अंतरावर हात धरून, आणि मग उरलेला जिना चढली.